डॅशबोर्डवरचा शून्य पाऊस

(मराठी पान – कॅडेट, इयत्ता दहावी)

आमचा मळा निफाड तालुक्यात आहे. साडेतीन एकर द्राक्षबाग, एक विहीर आणि बागेला लागूनच घर. बाबा सैन्यात, म्हणून बाहेर. मी सहावीपासून इथे हिमाचलात शाळेत. घरी आई आणि आजी. म्हणजे बाग एका ठिकाणी आणि तिची चिंता करणारे तीन ठिकाणी. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी छोटे हवामान केंद्र बसवले आणि त्याच्या नोंदी आम्हा सगळ्यांना कुठूनही पाहता याव्यात म्हणून इंटरनेटवर एक पान तयार केले. अशा पानाला डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीत चालकासमोर काट्यांची पट्टी असते, तोच शब्द. हे पान कसे बनवले ते या लेखात सांगतो. नोव्हेंबरात त्याच पानामुळे आमचे नुकसान कसे झाले तेही सांगणार आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आणि नववीतले काही जण या सुट्टीत असेच काही बनवायचे म्हणत आहेत.

हवामानाची एवढी काळजी का, हे ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा बरेचदा असतो. इथे पहाटे पीटीला उभे राहणाऱ्यांना पाच अंश म्हणजे काहीच वाटणार नाही, पण भरत आलेल्या द्राक्षमण्याला ते सोसत नाही, मणी तडकतात. म्हणून थंडीच्या रात्री लोक बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचे पाणी त्या हवेपेक्षा उबदार असते. पाऊस त्याहून वाईट. ऑक्टोबरात छाटणी झाली की कोवळी पाने आणि बारीक घड बाहेर पडतात. त्या दिवसांत बेमोसमी पाऊस झाला आणि पाने बराच वेळ ओली राहिली, की डाऊनी येतो. आजी त्याला केवडा म्हणते. ही बुरशीसारखी लागण आहे. पानावर तेलकट डाग, खालून पांढरी लव, आणि घडावर गेली की घड तपकिरी पडून वाळतो. फवारणी वेळेवर झाली तर वाचतो. वेळेवर म्हणजे पाऊस थांबल्यावर लवकरात लवकर, दोन दिवसांनी नव्हे.

आता केंद्राकडे वळू. त्याचा मेंदू म्हणजे ईएसपी-३२ नावाची चिप असलेली छोटी पट्टी. तिच्यात वाय-फाय असते आणि ती आपण लिहिलेला प्रोग्राम चालवते. तिला बीएमई-२८० नावाचा सेन्सर चार तारांनी जोडला: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. हा एकच सेन्सर तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब असे तीन आकडे देतो. शाळेत प्रयोग करत असताना त्याने दाब ८०० हेक्टोपास्कलच्याही खाली दाखवला तेव्हा तो बिघडला असे मला वाटले. बिघडला नव्हता, आपण डोंगरावर आहोत. जमिनीजवळ साधारण दर ८ मीटर चढाला दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. बातम्यांत सांगतात तो दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. तोच सेन्सर निफाडला नेला तेव्हा ९५० च्या आसपास आला.

पहिली चूक जागेची झाली. मी सेन्सर पडवीच्या भिंतीवर, पत्र्याखाली लावला. दुपारी ४४ अंश आणि रात्री शेजारच्यांपेक्षा तीन अंश जास्त. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते आणि सेन्सर इमानाने भिंतीचेच तापमान सांगत होता. वेधशाळेत थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. दीपगृहे बांधणारे इंजिनिअर थॉमस स्टीव्हन्सन यांनी ती योजली. आपल्या ग्रंथालयातल्या ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक त्यांचाच मुलगा. मी पांढऱ्या प्लास्टिकच्या आठ बशा उपड्या करून मधे फटी ठेवून एकावर एक बसवल्या, मधल्या बशांना भोके पाडून सेन्सर आत टांगला आणि सगळे घरापासून दूर, जमिनीपासून दीड मीटरवर खांबाला लावले. वारा आत जातो, ऊन जात नाही. ईएसपी-३२ ची पट्टी मात्र वेगळ्या डबीत ठेवली, कारण ती स्वतःच गरम होते.

पर्जन्यमापक टिपिंग बकेट प्रकारचा आहे. आत सी-सॉसारखी दोन कप्प्यांची पळी असते. एक कप्पा भरला की पळी कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. प्रत्येक कलंडण्याबरोबर एक चुंबक रीड स्विचजवळून जातो आणि ईएसपी-३२ ला एक टिचकी पोहोचते. सोबतच्या कागदावर लिहिले होते की एक टिप म्हणजे ०.२७९४ मिमी पाऊस. कागदावर विश्वास न ठेवता हे तपासता येते, आणि प्रत्येकाने तपासावेच.

माझ्या मापकाचे तोंड ११ सेमी लांब आणि ५ सेमी रुंद, म्हणजे ५५ चौरस सेमी. १ मिमी पाऊस पडला तर त्यात ५.५ मिली पाणी येईल. मी सलाईनच्या रिकाम्या बाटलीत मोजून ५०० मिली पाणी भरले, तिची नळी नरसाळ्यावर सोडली आणि थेंबथेंब पडू दिले. धो धो ओतले तर पळी कलंडत असताना पाणी वाया जाते, म्हणून सलाईन. ५०० भागिले ५.५ म्हणजे ९०.९ मिमी. कागदाप्रमाणे ३२५ टिपा यायला हव्या होत्या, आल्या ३०१. म्हणजे माझ्या पळीची एक टिप ०.३०२ मिमीची. कागदावरचा आकडा वापरला असता तर दर शंभर मिमीला साडेसात मिमी पाऊस हिशेबातून गेला असता. हा उद्योग संपायला एक अख्खी दुपार गेली आणि आजीने शेवटी विचारले, कुणाला सलाईन लावलंय?

केंद्र दर पाच मिनिटांनी एक ओळ पाठवते: वेळ, तापमान, आर्द्रता, दाब, पाऊस, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा. ती ओळ वाय-फायमधून भाड्याच्या एका लहानशा सर्व्हरवर जाते. तिथे पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम ती एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये टाकतो. कुणीही येऊन खोट्या ओळी टाकू नयेत म्हणून ओळीसोबत एक गुप्त शब्द जातो. आपण पान उघडले की दुसरा प्रोग्राम डेटाबेसमधून आकडे काढतो आणि चार्ट-जेएस हे तयार साधन आलेख काढते. केंद्र, कोठार आणि फळा, एवढेच तीन भाग. हे ज्याला नीट समजले त्याला बाकी सगळे जमेल. पानावर गावाचे नाव नाही, बाबा कुठे आहेत त्याचा उल्लेख नाही, आणि ते उघडायला पासवर्ड लागतो. सैनिकाच्या घरात हे वेगळे सांगावे लागत नाही.

आकडे कोठारात टाकणे सोपे आहे, त्यांचा हिशेब करताना डोके वापरावे लागते. दोन उदाहरणे देतो.

पहिले वाऱ्याचे. एका तासातल्या दिशांची मी सरसकट सरासरी काढत होतो. वारा कधी ३५० अंशांवरून, कधी १० अंशांवरून, म्हणजे उत्तरेचा. सरासरी काय आली? १८०. डॅशबोर्ड सांगत होता, दक्षिणेचा वारा! मॅप रीडिंग शिकलेल्या कॅडेटला हे शोभत नाही. बेअरिंग गोल फिरते, ३६० नंतर पुन्हा शून्य येते, त्यामुळे तिची साधी सरासरी काढताच येत नाही. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन काढायचा, त्या दोन्हींची वेगवेगळी सरासरी घ्यायची आणि मग परत कोनात यायचे. त्रिकोणमितीचा धडा कशासाठी असतो असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरे वेळेचे. सर्व्हर जागतिक वेळ पाळतो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. माझा प्रोग्राम सर्व्हरच्या मध्यरात्री दिवस बदलत होता, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. आता रात्रीची सर्वांत कडक थंडी सूर्योदयाच्या आसपास असते. त्यामुळे एकाच पहाटेचे तापमान साडेपाचच्या आधी कालच्या दिवसात आणि नंतर आजच्या दिवसात मोजले जात होते. एकच थंडी दोन दिवस पडली! पावसासाठी तर भारतीय हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा असतो, म्हणून वर्तमानपत्रातल्या आकड्याशी माझा आकडा कधीच जुळत नसे. शेवटी कोठारात जागतिक वेळ ठेवली, पानावर भारतीय वेळ, आणि पावसाचा दिवस साडेआठला सुरू केला.

फळ्याचा भाग मात्र मी आईकडून शिकलो. माझ्या पहिल्या पानावर अकरा गोल तबकड्या होत्या, विमानाच्या कॉकपिटसारख्या. काटे हलत होते, रंग बदलत होते. मित्रांना फार आवडले. आईने मोबाइल हातात घेतला, वर-खाली केला आणि म्हणाली, “छान आहे रे. पण हे सगळं बघून मी करू काय?” मग तिनेच सांगितले, तिला तीन गोष्टी कळल्या तर पुरे: साडेआठपासून पाऊस किती झाला, पाने किती तास ओली आहेत आणि आत्ता फवारण्यासारखा वारा आहे का. दुसऱ्या गोष्टीसाठी माझ्याकडे सेन्सर नव्हता, म्हणून आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर किती तास होती ते मोजतो. तो अंदाज असतो आणि पानावर ‘अंदाज’ असेच लिहिले आहे. तबकड्या गेल्या. तीन मोठे आकडे आले, मराठीत, आजीला चष्म्याशिवाय दिसतील एवढे.

बाबांची तक्रार वेगळी होती. त्यांच्याकडे नेटवर्क क्षीण, पान उघडायला चहा पिऊन होईल एवढा वेळ. दर पाच मिनिटांची एक नोंद म्हणजे दिवसाला २८८, आणि मी साठ दिवसांचा आलेख देत होतो, म्हणजे १७,२८० बिंदू. ताशी एक बिंदू केला तर १,४४० होतात आणि डोळ्यांना काही फरक कळत नाही. मात्र तासाचा एक आकडा करताना जपायला हवे. पावसाची बेरीज करायची, तापमानाची सरासरी घ्यायची, पण सोबत तासातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्तही ठेवायचे. नुसत्या सरासरीत पहाटेची थंडी हरवून जाते.

सप्टेंबरपर्यंत पान इतके नीट चालले होते की मी ते कॉम्प्युटरच्या सरांना अभिमानाने दाखवले. सरांनी एकच प्रश्न विचारला, “नोंदच आली नाही तर काय दिसतं?” मी म्हणालो, “सर, येते. थांबत नाही.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाकाकडे गेले.

नोव्हेंबरात आजीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. आई तिला घेऊन शनिवारी नाशिकला गेली. छाटणीला पाच आठवडे झाले होते, बाग फुलोऱ्यात होती. रविवारी सकाळी अकराला मी आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पान उघडले. पाऊस ०.० मिमी. तापमान २१.४. आलेखाची रेघ सुंदर, वळणदार. नंतर फोनच्या रांगेत उभा राहून घरी, म्हणजे आईच्या मोबाइलवर, बोललो. ती म्हणाली, “इकडं रात्री थोडं भुरभुरलं. तुझ्या पानावर शून्य दिसतंय ना? मग उद्या डॉक्टरांना पुन्हा दाखवूनच निघते.” मी म्हणालो, “हो आई, शून्य आहे. काळजी करू नकोस.”

शनिवारी रात्री पावणेदहाला मळ्यावरची वीज गेली होती. डीपी जळाली. वीज गेली तसा राउटर गेला आणि केंद्रही गेले, कारण दोन्ही भिंतीतल्या प्लगवर होते. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत पाऊस पडत होता. रविवारी दुपारी चारला वीज आली तोवर एकही नोंद झालेली नव्हती.

शेजारच्या मळ्यातल्या नानांनी रविवारी दुपारी स्वतःची बाग फवारून घेतली. त्यांनी आईला फोन केला नाही. नंतर ते म्हणाले, “मला वाटलं, ताईंना कळलंच असेल. तुमच्याकडं तर मशीन आहे.” पूर्वी असे कधी होत नसे. पूर्वी पाऊस झाला की एकमेकांना फोन जायचे. आई सोमवारी संध्याकाळी घरी पोहोचली, अंगणातल्या घमेल्यात चार बोटे पाणी पाहिले आणि मंगळवारी सकाळी तिने ब्लोअर काढला. आठ-दहा दिवसांनी ओढ्याकडच्या अकरा ओळींत पानांवर तेलकट डाग दिसले. घडांवरही गेला होता. त्या ओळींतला निम्म्याहून जास्त माल गेला.

मला हे कळले ते पुढच्या रविवारच्या फोनवर. आई रागावली नाही. “मशीनला काय बोलायचं, मीच नानांना फोन करायला हवा होता,” एवढेच म्हणाली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

शून्य आला कुठून, ते शोधायला मला लॅबमधले दोन तास लागले. डेटाबेसला एखाद्या तासाची बेरीज विचारली आणि त्या तासात एकही ओळ नसेल तर तो शून्य म्हणत नाही, तो ‘काही नाही’ असे उत्तर देतो. ते बरोबरच आहे. पण सुट्टीत एकदा त्या ‘काही नाही’मुळे आलेख मोडत होता, म्हणून मीच एक आज्ञा लिहिली होती: उत्तर रिकामे आले तर शून्य धर. तापमानाची रेघ तुटू नये म्हणून चार्ट-जेएसला सांगितले होते की मधे बिंदू नसतील तर दोन टोके जोड. आणि ‘आत्ताचे तापमान’ म्हणून शेवटची नोंद दाखवत होतो, ती कितीही जुनी असो. २१.४ हे शनिवारी रात्रीचे होते. रविवारी सकाळी अकराला तेही पटण्यासारखेच. पान चांगले दिसावे म्हणून मी त्याला तीन ठिकाणी खोटे बोलायला शिकवले होते.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती मला आधी सुचायला हवी होती. नोंदी केव्हाही चुकत नाहीत. वादळ-पाऊस आला की वीज जाते, वीज गेली की नोंदी जातात. म्हणजे ज्या तासांसाठी केंद्र बसवले, नेमके तेच तास गळतात. महिनाभर ९९ टक्के नोंदी आल्या असे मी सरांना सांगायचो. उरलेल्या एक टक्क्यात सगळा पाऊस होता.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, “पहाऱ्यावरच्या जवानानं वायरलेसवर उत्तर दिलं नाही, तर आम्ही वहीत ‘सर्व ठीक’ लिहितो का? उत्तर नाही असं लिहितो, आणि माणूस पाठवतो.”

हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जाऊन मी केंद्र पुन्हा बांधले. सर्वांत आधी ती आज्ञा काढली. रिकाम्या तासाच्या जागी आता आलेखात राखाडी पट्टा येतो आणि त्यावर ‘नोंद नाही’ असे लिहिलेले असते. रेघ तुटते, तुटू द्यावी. पानाच्या अगदी वर, पावसाच्या आकड्याच्याही वर, शेवटची नोंद किती वेळापूर्वीची ते दिसते. पंधरा मिनिटे उलटली की तिन्ही मोठे आकडे पुसले जातात आणि तिथे ‘माहीत नाही’ येते. आईला मी विचारले होते, जुना आकडा फिका करून ठेवू का? ती म्हणाली, “नको. आकडा दिसला की मी वाचणार.”

केंद्राला बॅटरी दिली. आता वीज गेली तरी पळीच्या टिपा मोजल्या जातात. राउटर बंद असेल तर ओळी केंद्राच्याच स्मृतीत साठतात आणि संपर्क आला की जुनी ओळ आधी अशा क्रमाने जातात. यासाठी वेळ केंद्रातच नोंदवावी लागते. आधी ओळ सर्व्हरवर पोहोचली की सर्व्हर तिला वेळ द्यायचा. तसेच ठेवले असते तर रात्रभराचा पाऊस वीज आल्याच्या एका मिनिटात पडल्यासारखा दिसला असता. ईएसपी-३२ इंटरनेटवरून वेळ घेते, पण संपर्क नसताना ती मधेच बंद पडून सुरू झाली तर तिला तारीखही माहीत नसते. म्हणून डीएस-३२३१ हे वेगळे घड्याळ जोडले. त्याला स्वतःचा बटणसेल असतो आणि ते वर्षाला मिनिटभराच्या आसपासच चुकते.

पावसाचा आकडा पाठवण्याची पद्धतही बदलली, आणि हा बदल करायला सर्वांत सोपा होता. पूर्वी केंद्र ‘गेल्या पाच मिनिटांत ४ टिपा’ असे पाठवायचे. ती ओळ हरवली की चार टिपा कायमच्या गेल्या. आता ते ‘सुरुवातीपासून एकूण २,१५६ टिपा’ असे पाठवते. वीजमीटरसारखे. मधल्या दहा ओळी हरवल्या तरी अकरावी आली की वजाबाकी करून एकूण पाऊस मिळतो, फक्त तो नेमका केव्हा पडला ते कळत नाही. हीच पद्धत पहिल्यापासून का वापरली नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

तरीही एक प्रकारचा खोटा शून्य उरतोच. नरसाळ्यात पान अडकले, कोळ्याने आत जाळे केले, तर केंद्र जिवंत असते, ओळी येत असतात आणि पाऊस खरोखर शून्य मोजला जातो. यावर यंत्राचा पूर्ण इलाज मला सापडलेला नाही. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर सलग तीन तास असेल आणि पाऊस शून्य असेल, तर आकड्यापुढे प्रश्नचिन्ह येते, एवढेच केले आहे. धुके असले तरी येते. आई म्हणते, येऊ दे.

दुसरा इलाज आजीचा. अंगणात, झाडापासून लांब, एक सरळ उभ्या भिंतीचा स्टीलचा डबा विटांमध्ये घट्ट बसवला आहे. तळाशी आणि तोंडाशी सारखा रुंद असल्यामुळे त्यात जितके मिलिमीटर पाणी साचते तितकाच पाऊस. घमेल्यात हे जमत नाही, त्याचे तोंड पसरट असते. सकाळी साडेआठला आजी त्यात माझी जुनी पट्टी उभी धरते, शून्याची रेघ काठाशीच सुरू व्हावी म्हणून मी ती तासून दिली आहे, आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. पाऊस नसेल तर शून्य लिहिते. ती गावाला गेली असेल तर चौकोन कोरा राहतो. हा फरक तिला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

मार्चमधल्या एका रविवारी मी लॅबमध्ये पान उघडले. वरच लिहिले होते: शेवटची नोंद १ तास ५० मिनिटांपूर्वी. पाऊस: माहीत नाही. पानांचा ओलावा: माहीत नाही. वारा: माहीत नाही. बागेत माल उतरायला आला होता. सरांची परवानगी घेऊन मी फोनकडे धावलो. आजीने उचलला.

“लाईट गेलीये बाळा. पाऊस चाललाय, आता कमी होतोय. नानांचाही फोन आला होता. तुझी आई ट्रॅक्टरपाशी आहे, थांबला की नुसता ब्लोअर फिरवून घड वाळवायचे म्हणते.”

“आणि डबा?”

“ठेवलाय की. तू तिकडं अभ्यास कर.”

संध्याकाळी वीज आल्यावर साठलेल्या ओळी पोहोचल्या आणि राखाडी पट्ट्याच्या जागी निळे खांब उभे राहिले, हे मी पुढच्या रविवारी पाहिले. ४७ टिपा, १४.२ मिमी. आजीच्या कॅलेंडरवर त्या दिवशी १५ लिहिले आहे. तिच्या मते मशीन चुकले.